मगर चालवणारा अंगठा

माझ्या आत्याच्या कात्रीचं नाव मगर आहे, आणि त्या शुक्रवारी मी ती दप्तरात घालून हॉस्पिटलात निघाले होते.

गेटवरच्या वॉचमनने दप्तर उघडायला लावलं. भूगोलाची वही आणि डबा यांच्या मधोमध फूटभर लांब, काळीकुट्ट, जबडा मिटलेली वस्तू बघून तो दोन पावलं मागे सरकला.

"हे काय आहे?"

"मगर," मी म्हणाले. "माझी नाही, आत्याची. तिच्या डोक्यासाठी लागणार आहे."

मला हे उत्तर अगदी सरळ वाटलं होतं. पण त्याने ज्या घाईने दप्तराची चेन परत लावली आणि दप्तर स्वतःच्या खुर्चीखाली सरकवलं, त्यावरून कळलं, की गोष्ट पहिल्यापासून सांगायला हवी. तर त्यालाही सांगितली, तुम्हालाही सांगते.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. बाबा तिला ताई म्हणतात आणि घाबरतात. आमच्या घराखालीच तिचं टेलरिंगचं दुकान आहे. दोन मशीनं, एक इस्त्री, काजं आणि बटणं करणाऱ्या काकू (आम्ही त्यांना काजकाकूच म्हणतो), आणि मधोमध कटिंगचं मोठं लाकडी टेबल. शिवायला बाकीचे हात चालतील, पण कापायचं फक्त आत्याने. तिचं म्हणणं असं, की चुकलेली शिलाई उसवता येते, कापलेलं कापड जगात कोणाला जोडता आलेलं नाही. मगरीला तर कोणी बोटही लावायचं नाही. मी सहा वर्षांची असताना मगरीने कागद कापला होता, त्याबद्दल मला अजून ऐकावं लागतं.

तीन महिन्यांपूर्वी एका सकाळी आत्याने टेबलावर पिवळंजर्द कापड पसरलं. माझ्यासाठी. पायघोळ ड्रेस! माझा पहिला! मी माप देऊन तिथेच फुशारत उभी होते. तिने खडूने रेघा मारल्या, मगर उचलली, आणि मगर खाली पडली. आत्या ती उचलायला हात पुढे करायला गेली, तर हातच पुढे आला नाही. मग तोंड वाकडं झालं, मग मी किंचाळले, मग गाडी आली. मेंदूतल्या एका बारीक नळीत रक्ताची गुठळी अडकली होती.

पाय महिन्याभरात वळणावर आला, काठी टेकत ती चालायला लागली. जीभ थोडी जड झाली, पण तिचा तिखटपणा होता तसाच राहिला. उजवा हात मात्र ओल्या टॉवेलासारखा लोंबत होता. आणि टेबलावरच्या त्या कापडाबद्दल आत्याचा हुकूम सुटला होता: घडी करायची नाही, दुसऱ्याने कापायचं नाही, वर वर्तमानपत्र घाला आणि बाजूला व्हा.

मग आम्हाला त्या खोलीचा पत्ता लागला. हॉस्पिटलच्या दुसऱ्या मजल्यावर एक छोटी खोली, त्यात दातांच्या डॉक्टरांकडे असते तशी एकच खुर्ची. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला समजेल असं सांगितलं. आत्याचा हात बिघडलेला नव्हता. हाताला हुकूम सोडणारी मेंदूतली जागा गप्प झाली होती. तिला बाहेरून थोडं डिवचायचं आणि आतून काम द्यायचं. बाहेरून म्हणजे, मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज रबरी पट्ट्याने डोक्याला बांधायचे आणि वीस मिनिटं अगदी बारीक करंट सोडायचा. नुसत्या मुंग्या येतात. आतून म्हणजे, त्याच वीस मिनिटांत हात हलवल्याची कल्पना करायची. खरीखुरी! कारण आपण मन लावून हात हलवल्याची कल्पना केली, की मेंदूतली तीच जागा कामाला लागते. हे ऐकल्यावर मी दोन दिवस वर्गात बसून मनातल्या मनात पोहत होते.

"फक्त एक," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "स्वतःला लांबून बघायचं नाही. हाताच्या आत शिरून हलवायचं."

"शिरते," आत्या म्हणाली. "तसाही रिकामाच आहे."

रोजचं काम बघायला एक तरुण थेरपिस्ट होता. तो दिवसभर आत्याच्या अंगठ्याकडे टक लावून बसायचा, म्हणून आत्याने पहिल्याच दिवशी त्याचं नाव अंगठेबहाद्दर ठेवलं. त्याला राग आला नाही. उलट फोनवर मित्रालाही स्वतःची तशीच ओळख करून देताना मी त्याला ऐकलं.

आणि दर शुक्रवारी परीक्षा! अंगठ्याच्या मुळाशी स्टिकर लावायचे, त्यांच्या वायरी पडद्याला. मग दोन कड्या जोडल्यासारखं एक चुंबक डोक्याजवळ धरायचं आणि टक्! मेंदूला बाहेरून एक टिचकी. ती टिचकी डोक्यातून निघून अंगठ्यापर्यंत पोचली, की पडद्यावरच्या सरळ रेघेला उंचवटा येतो. एकदा मनात काही न आणता टक्, एकदा कल्पना करताना टक्. कल्पना करताना उंचवटा मोठा यायला हवा. तसा आला, तर आतलं काम खरंच चाललंय. नाही आला, तर डोकं ओलं करण्यापलीकडे काही होत नाहीये. खुर्ची एक, आणि बाहेर वाट बघणारे चौदा. म्हणून नियम असा होता: तीन शुक्रवार. तिसऱ्यालाही फरक दिसला नाही, तर खुर्ची पुढच्या माणसाची.

कल्पना कशाची करायची ते एका रेकॉर्डिंगमध्ये होतं. एक बाई फार म्हणजे फारच गोड आवाजात सांगायच्या, "तुमच्यासमोर पाण्याचा ग्लास आहे. उजवा हात पुढे करा. बोटांनी ग्लास धरा. हळूच ओठांपर्यंत आणा." तिसऱ्या ग्लासाला आत्या घोरायला लागली.

"हिला झोप येऊन चालणार नाही," अंगठेबहाद्दर म्हणाला आणि त्याने कागद माझ्या हातात दिला. "तू वाच."

मी! वर्गात माझा आवाज दुसऱ्या बाकापर्यंत पोचत नाही. बाई म्हणतात, हिचं उत्तर हिलाच ऐकू येतं. पण इथे समोर आत्या होती, आणि ती झोपली की मला तिला उठवायची परवानगी होती. पहिल्या दिवशी मी कुजबुजले. चौथ्या दिवशी मी "ग्लास धऽऽरा!" अशी ओरडले, की शेजारच्या खोलीतून नर्स धावत आली. मला इतकी मजा यायला लागली, की मी शाळेतही हात वर करायला लागले.

पण पहिला शुक्रवार आला: मन रिकामं ठेवून मुंगीच्या पाठीएवढा उंचवटा, कल्पना करताना मुंगीच्या पाठीएवढा उंचवटा. दुसरा शुक्रवार आला: तीच मुंगी.

डॉक्टरीणबाई समजावणीच्या सुरात म्हणाल्या, "काहीजणांना नाही जमत. त्यात तुमचा दोष नाही." आणि मला त्या क्षणी त्यांच्यापेक्षा मुंगीचा जास्त राग आला.

परत येताना गाडीत आत्या एक शब्द बोलली नाही. ड्रायव्हर दोनदा चुकीच्या गल्लीत शिरला, तरी बोलली नाही! घराशी उतरताना ती एवढंच म्हणाली, "उद्या दुकानात जाऊन ते पिवळं कापड घडी करून ठेव."

मी शनिवारी गेले. काजकाकू बटणं लावत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. मी वर्तमानपत्र उचललं, कापडाचं टोक धरलं आणि टेबल दिसलं. टेबलाच्या कडेला गोल डाग होते. ग्लासाच्या बुडाचे. एकात एक, एकावर एक, लाकूड खाऊन गेलेले, वर्षानुवर्षांचे. मी तिथे उभी राहून बघत राहिले, आणि माझ्या डोक्यात ट्यूब फडफडून पेटली.

सगळे डाग डाव्या बाजूला होते.

"काकू!" मी ओरडले. काकूंच्या हातातलं बटण उडालं. "आत्या पाणी कुठल्या हाताने प्यायची?"

"हा काय प्रश्न झाला? डाव्या. उजव्यात मगर असायची ना. चहासुद्धा डाव्यानेच. पंचवीस वर्षं बघतेय मी."

मी कापड तसंच सोडून धावत सुटले. मग आठवलं, की शनिवार-रविवार ती खोली बंद असते. ते दीड दिवस मी कसे काढले, ते आईला विचारा. मी जेवताना प्रत्येकाचा ग्लास तपासत होते.

सोमवारी खोलीत शिरता शिरताच मी सांगून टाकलं, "दादा, आत्या पाणी डाव्या हाताने पिते!"

अंगठेबहाद्दरने माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "आता डाव्यानेच प्यावं लागणार ना गं. उजवा हलत नाही."

"आता नाही! आधीपासून! आयुष्यभर!"

तो थांबला. त्याच्या हातातला स्पंज टपटप गळत होता. त्याने आत्याकडे बघितलं. "मावशी, खरं?"

"मग? उजव्या हातात कात्री असते. पाणी काय कात्रीने पिऊ?"

"आणि हे दोन आठवडे... मनातल्या मनात तुम्ही कुठल्या हाताने प्यायलात?"

"ज्याने पितात त्याने," आत्या म्हणाली.

अंगठेबहाद्दर मटकन स्टुलावर बसला. मी मात्र उड्या मारत होते. दोन आठवडे आम्ही आत्याचा धडधाकट डावा हात तुडुंब पाणी पाजून तयार केला होता! उजव्याला कोणी विचारलंच नव्हतं! आणि हे कोणाच्याच लक्षात आलं नाही, कारण आजारी पडल्यापासून ती सगळं डाव्यानेच करत होती. त्यात वेगळं दिसण्यासारखं काही नव्हतंच.

"मग उजव्याला त्याचं काम द्या!" मी म्हणाले. एवढ्या मोठ्याने, की मीच दचकले. "कागद मी लिहिते."

लिहिला. पहिल्या वाक्यालाच आत्याने अडवलं.

मी वाचलं, "तू मगर हातात घेतली आहेस. तू मगर वर उचलतेस..."

"कशाला उचलू? हवा कापायची आहे?" आत्या डोळे मिटूनच म्हणाली. "खालचं पातं टेबल सोडत नाही. घासत जातं. खोड."

मी खोडलं. "सगळी बोटं उघडतात आणि..."

"सगळी नाही. चार बोटं खालच्या मोठ्या कड्यात नुसती धरून असतात. उघडझाप करतो तो अंगठा. एकटा."

अंगठेबहाद्दर स्टुलावरून ताडकन उठला. "अंगठा? एकटा?" त्याने आत्याच्या अंगठ्याकडे असं बघितलं, जसं काही आजवर त्याला त्याचं खरं नावच कोणी सांगितलं नव्हतं.

मग चार दिवस आम्ही कापत होतो. डोक्याला ओले स्पंज, कानामागून मिठाच्या पाण्याचे ओघळ, आणि मी वाचतेय: "पातं टेबलाला लागलंय. अंगठा वर. जबडा उघडला. कापड आत गेलं. अंगठा खाली. कर्रर्र. पाव इंच सोडून थांब, पूर्ण मिटायचं नाही." कर्रर्र मी तोंडाने काढायचे. ते मला फार छान जमायला लागलं. आत्या मधूनच म्हणायची, "हळू, मुंढा आलाय." मुंढा म्हणजे बाही जिथे खांद्याला जोडतात तो गोलावा. तिथे मी अगदी सावकाश वाचायचे, आणि अंगठेबहाद्दरही श्वास रोखून धरायचा. बुधवारपर्यंत त्याला बाहीची आणि पाठीची मापं पाठ झाली होती.

गुरुवारी आत्या कुरकुरली. "मगर हलकी लागतेय. मनातली ना. वजन येत नाही."

म्हणून मगर दप्तरात.

वॉचमनने हे सगळं ऐकून घेतलं. मग खुर्चीखालून दप्तर काढलं, मगर बाहेर घेतली, हातात तोलून बघितली आणि म्हणाला, "मीच आणतो वर. असलं शस्त्र शाळकरी पोरीच्या हाती देता येणार नाही." आणि दोन्ही हातांवर मगर आडवी धरून तो माझ्यापुढे जिना चढायला लागला. मी मागून. लोक भिंतीला चिकटून वाट देत होते. माझ्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

खोलीत डॉक्टरीणबाई फाइल उघडून बसल्या होत्या. आत्या खुर्चीत. तिने मगर बघितली आणि तिचा चेहराच उजळला. अंगठेबहाद्दरने पाती जाड पट्टीने बांधून टाकली, आत्याचा उजवा हात हातावर घेतला, बोटं एकेक करून खालच्या कड्यात आणि अंगठा वरच्या कड्यात ठेवला. स्टिकर लावले. वॉचमन निघून जायचं विसरला.

"आधी मन रिकामं ठेवून," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "काही विचार करायचा नाही. तयार?"

टक्!

पडद्यावर टेकाड उभं राहिलं. मुंगी कुठची! टेकाड!

"आँ?" डॉक्टरीणबाई पुढे वाकल्या. "पुन्हा. काही विचार करू नका हं."

टक्! पुन्हा टेकाड.

"आता कल्पना करून."

मी वाचलं. कर्रर्र नीट आलं. टक्! टेकाड. तेवढंच. ना कणभर जास्त, ना कणभर कमी.

अंगठेबहाद्दरने सगळ्या वायरी काढून परत लावल्या. पुन्हा तेच. "यंत्र ठीक आहे," तो बारीक आवाजात म्हणाला.

डॉक्टरीणबाईंनी पेन उचललं. "उंचवटा मोठा झालाय, पण का, ते मला सांगता येत नाही. मला दोन्हींतला फरक लिहायचा असतो. फरक शून्य आहे."

तिसरा शुक्रवार. शून्य. मी आत्याकडे बघितलं. ती शांत बसली होती, डोळे अर्धवट मिटलेले. आणि तिचा डावा हात! खुर्चीच्या हातावर तळवा सपाट, बोटं पसरलेली, जरा जरा पुढे सरकत होती. हे मी लहानपणापासून बघत आले आहे. कापड सुरकुतू नये म्हणून डावा हात असाच कात्रीच्या पुढे पुढे चालतो.

"थांबा! लिहू नका!" मी ओरडले. "आत्या, तू कापते आहेस!"

"नाही गं."

"तुझा डावा हात बघ!"

आत्याने बघितलं. डावा हात चोरी पकडल्यासारखा जागच्या जागी थांबला.

"मन रिकामं ठेवायला सांगितलं होतं ना मावशी!" अंगठेबहाद्दर कळवळून म्हणाला.

"कसं ठेवू? हातात मगर दिलीत आणि वर सांगता गप्प बसा. पाठ कापून झाली माझी, मुंढ्याशी आलेय. मुंढ्यावर कोणी थांबतं का?"

"पण दोन मिनिटं तरी..."

"नाही जमायचं."

आणि मला कळलं. ते माझ्या तोंडून कसं निघालं, मला सांगता येणार नाही. मी तो जुना कागद काढला, गोड बाईंचा, दप्तराच्या तळाशी चुरगळून पडलेला. "आत्या," मी म्हणाले, "तुझ्यासमोर पाण्याचा ग्लास आहे."

"आता कशाला पाणी?"

"पी ना! मुंढा कापून घसा सुकला असेल. रोज पितेस तसं पी. ग्लास धऽऽर!"

आत्याने सुस्कारा सोडला. मनातल्या मनात तिने मगर खाली ठेवली असणार, कारण तिचे खांदे सैल झाले. डाव्या हाताची बोटं जराशी वळली, ग्लासाएवढी.

टक्!

मुंगी.

"काप!" मी ओरडले. कर्रर्र!

टक्! टेकाड!

"पाणी!"

टक्! मुंगी.

"काप!" हे मी म्हणाले नव्हते. हे डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, उभं राहून, पेन हवेत. टक्! टेकाड, आधीच्यापेक्षाही मोठं! मग अंगठेबहाद्दर "पाणी!", मग आम्ही सगळे "काप!", आणि त्या सगळ्यांत खणखणीत आवाज वॉचमनचा होता. तो पडद्याकडे बघून असा ओरडत होता, जसं काही ते टेकाड त्यानेच जिन्याने वर आणलं होतं. शेजारची नर्स पुन्हा धावत आली. तिला कोणीच काही सांगितलं नाही, तिने आपणहून टाळ्या वाजवल्या.

"हे कुठल्याच पुस्तकात नाही," डॉक्टरीणबाई खुर्चीवर टेकत म्हणाल्या. हसून हसून त्यांचा चष्मा घसरला होता. "मन रिकामं ठेवण्याऐवजी डाव्या हाताने पाणी." त्यांनी फाइलमध्ये काहीतरी लांबलचक लिहिलं, खाली रेघ मारली आणि फाइल फिरवून मला दाखवली. शेवटची ओळ होती: आणखी सहा आठवडे, कात्रीसह.

"लगेच हात हलेल असं समजू नका," त्या आत्याला म्हणाल्या. "वेळ लागेल. किती, ते मी सांगणार नाही."

"सांगू नका," आत्या म्हणाली. "गिऱ्हाइकाला मीसुद्धा तारीख सांगत नाही." मग माझ्याकडे वळून, "कापडाची घडी केलीस?"

मी जीभ चावली. "विसरले."

आत्या माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता सहा वर्षांची असतानाच्या कागदाचा विषय निघणार. पण ती म्हणाली, "बरं झालं. घडीची खूण बसली असती. आणि तू गेल्या तीन महिन्यांत दोन इंच वाढली आहेस, तेव्हा खडूच्या रेघा परत माराव्या लागतील. त्या तू मारायच्या. मी सांगेन तशा."

मी! खडू! तिच्या टेबलावर! मी वॉचमनलाच मिठी मारणार होते, पण त्याच्या हातात पुन्हा मगर होती.

एवढ्या आरडाओरड्याने सगळ्यांचेच घसे सुकले होते. अंगठेबहाद्दरने खरोखरचं पाणी आणलं. हुशारी करायला म्हणून त्याने आत्याचा ग्लास मुद्दाम तिच्या उजव्या हाताशी ठेवला.

आत्याने ग्लासाकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

"डावीकडे ठेव," ती म्हणाली. "उजव्या हाताला कामं आहेत."